फुफ्फुसातील पाण्याचा ठाव : प्राण्यांवरील संशोधनात सोनोग्राफीचा वापर

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. फणींद्र यलवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेमधील संशोधकांच्या साह्याने २०२१ मध्ये एक छोटी संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. 'मिनी-कोविडनेट' असे नाव असलेली ही प्रणाली छातीच्या सोनोग्राफीची प्रतिमा पाहून फुफ्फुस निरोगी आहे, त्यात न्यूमोनिया आहे की कोविडचा संसर्ग आहे, याचा अंदाज देते. तिच्या अचूकतेचे प्रमाण सुमारे ८३ टक्के असल्याचे संशोधकांनी नमूद केले होते. मोठा संगणक किंवा क्ष-किरण विभाग नसलेल्या ठिकाणी, रुग्णाच्या खाटेजवळच तिचा उपयोग व्हावा, हा या कामामागील हेतू होता.

अशा प्रणालीला शिकविण्यासाठी प्रतिमा लागतात आणि प्रत्येक प्रतिमेसोबत तिचे खरे उत्तरही लागते. अमुक फुफ्फुसाला कोणता आजार आहे, हे रुग्णाच्या इतर तपासण्यांवरून सांगता येते. परंतु त्या फुफ्फुसात नेमके किती पाणी साचले आहे, हे जिवंत माणसाच्या बाबतीत थेट मोजता येत नाही. त्यासाठी फुफ्फुस शरीराबाहेर काढून तराजूत ठेवावे लागते. सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा म्हणजे फुफ्फुसातील पाण्याची खूण होय, असे आज डॉक्टर बऱ्याच विश्वासाने सांगतात. त्या विश्वासाचा मोठा भाग प्रयोगशाळेतील डुकरे, उंदीर आणि पशुवैद्यकांकडे आलेले आजारी कुत्रे यांच्यावरील संशोधनातून आलेला आहे. हीच सोनोग्राफी आता अशा संशोधनासाठी लागणाऱ्या प्राण्यांची संख्या कमी करण्याचे साधनही ठरत आहे.

फुफ्फुसात पाणी का साचते?

फुफ्फुसातील वायुकोश आणि त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या यांच्यामधील पडदा अतिशय पातळ असतो. केशवाहिन्यांतून थोडा द्रव सतत बाहेर झिरपत असतो आणि लसीकावाहिन्या तो वाहून नेत असतात. हा समतोल दोन प्रकारे ढळतो. हृदयाची डावी बाजू दुर्बल झाली किंवा तिच्यावर अकस्मात मोठा भार पडला, तर मागे फुफ्फुसातील रक्ताचा दाब वाढतो आणि पाणी बाहेर ढकलले जाते. दुसऱ्या प्रकारात दाब वाढलेला नसतो. जंतुसंसर्ग, विषारी वायू किंवा अन्य इजेमुळे पडदाच सच्छिद्र होतो आणि पाण्याबरोबर प्रथिनेही झिरपू लागतात. पाणी आधी वायुकोशांमधील भिंतींत साठते आणि नंतर वायुकोशात उतरते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला पल्मनरी इडीमा म्हणतात. रुग्णाला आडवे झोपता येत नाही, श्वास घुसमटतो आणि तोंडाला फेस येतो. वेळेत उपचार मिळाले नाहीत, तर काही तासांत मृत्यू ओढवू शकतो.

महाराष्ट्रात हा विकार कोकणातील लाल विंचवामुळे विशेष परिचित आहे. या विंचवाचे विष चेतापेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार पडतो आणि फुफ्फुसात पाणी उतरते. महाड येथील डॉ. हिंमतराव बावसकर यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध या अवस्थेत उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगासमोर मांडले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री किताब जाहीर झाला.

महाडच्या दवाखान्यात जे दिसत होते, त्याची कारणमीमांसा प्रयोगशाळांतूनही सुरू होती. वाराणसी येथील बनारस हिंदू विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात डॉ. एस. बी. देशपांडे आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदरांना याच लाल विंचवाचे विष टोचून फुफ्फुसात पाणी कसे साचते, याचा अभ्यास केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी साचल्यावर फुफ्फुसातून मेंदूकडे जाणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तीव्र होतात, असे त्यातून दिसून आले. त्याच्याही बऱ्याच आधी अवतार सिंग पेंटल यांनी मांजरांवरील प्रयोगांतून फुफ्फुसातील केशवाहिन्यांलगतच्या संवेदी चेताग्रांचा शोध लावला होता. 'जे' ग्राहक या नावाने ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. फुफ्फुसात पाणी साचू लागले की, हीच चेताग्रे चाळवतात. या विषयातील भारतीय संशोधनाची परंपरा अशी जुनी आहे आणि तिच्या मुळाशी प्रयोगप्राणी आहेत, ही गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे.

तराजू आणि भट्टी

प्राण्याच्या फुफ्फुसात किती पाणी साचले आहे, हे ठरविण्याची मान्य पद्धत अगदी साधी आहे. प्रयोग संपल्यावर प्राण्याला वेदनारहित मृत्यू दिला जातो, फुफ्फुसे काढून त्यांचे वजन केले जाते. नंतर ती भट्टीत ठेवून वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. ओल्या वजनाला कोरड्या वजनाने भागले की, जे गुणोत्तर मिळते, ते निरोगी फुफ्फुसात साधारण ४ ते ५ असते. पाणी साचले की ते वाढते. फुफ्फुसात उरलेल्या रक्ताचे पाणीही या हिशेबात येत असल्याने अधिक काटेकोर पद्धतीत हिमोग्लोबिन मोजून तो वाटा वजा केला जातो.

ही पद्धत खात्रीची आहे, मात्र तिच्यात एक मूलभूत अडचण आहे. एका प्राण्याकडून एकच आकडा मिळतो आणि तोही त्याच्या मृत्यूनंतर. विष टोचल्यानंतर पंधराव्या मिनिटाला काय होते, तासाभराने काय होते आणि औषध दिल्यावर पाणी ओसरते का, हे पाहायचे असेल, तर प्रत्येक वेळेसाठी प्राण्यांचा स्वतंत्र गट लागतो. उदाहरणादाखल, सहा वेळा मोजमाप करायचे असेल आणि प्रत्येक गटात आठ उंदीर असतील, तर एका औषधाच्या एका मात्रेसाठी अठ्ठेचाळीस उंदीर लागतात. तुलनेसाठीचा औषध न दिलेला गट धरला, तर ही संख्या दुप्पट होते. शिवाय पंधराव्या मिनिटाचा उंदीर आणि तासाभरानंतरचा उंदीर हे दोन वेगळे जीव असतात. त्यांच्यातील नैसर्गिक फरक आकड्यांत मिसळतो आणि तो पुसून काढण्यासाठी प्राण्यांची संख्या आणखी वाढवावी लागते.

जिवंत प्राण्यावर मोजमाप करण्याचे अन्य मार्ग नाहीत असे नाही. मोठ्या प्राण्यांत रक्तवाहिनीत नळ्या घालून थंड द्रवाच्या साह्याने फुफ्फुसातील पाण्याचा अंदाज घेता येतो. सीटी स्कॅन व एमआरआय यांनीही ते पाहता येते. पहिल्या पद्धतीत शस्त्रक्रिया करावी लागते. दुसऱ्या पद्धतींची यंत्रे महाग असतात आणि सीटी स्कॅनमध्ये किरणोत्साराचा प्रश्न असतो.

निरुपयोगी मानलेली तपासणी

सोनोग्राफीत मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनिलहरी शरीरात सोडल्या जातात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून चित्र तयार होते. मांस, रक्त, यकृत यांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. हवेत तो त्याच्या एक चतुर्थांशाहूनही कमी वेगाने जातो आणि हवेची घनता तर फारच अल्प असते. त्यामुळे ऊती आणि हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सगळा ध्वनी परत फिरतो. फुफ्फुस हवेने भरलेले असल्याने त्याच्या आत सोनोग्राफीने काही दिसत नाही. याच कारणास्तव कित्येक वर्षे फुफ्फुस हा सोनोग्राफीच्या कक्षेबाहेरचा अवयव मानला जात होता.

निरोगी फुफ्फुसावर प्रोब ठेवला की, दोन बरगड्यांच्या सावल्यांमध्ये फुफ्फुसावरणाची एक चमकदार आडवी रेषा दिसते. श्वासाबरोबर ती पुढेमागे सरकते. तिच्याखाली समान अंतरावर तशाच फिक्या आडव्या रेषा दिसतात. या ए-रेषा म्हणजे प्रोब आणि फुफ्फुसावरण यांच्यात ध्वनी पुन्हा पुन्हा आपटल्याने उमटलेला आभास होय. त्या जागी प्रत्यक्षात काही नसते. फुफ्फुसाच्या भिंतींत पाणी साठू लागले की, चित्र पालटते. फुफ्फुसावरणाच्या रेषेपासून निघून पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या, धूमकेतूच्या शेपटीसारख्या उभ्या पांढऱ्या रेषा उमटतात. त्या श्वासाबरोबर हलतात आणि आडव्या ए-रेषा पुसून टाकतात. त्यांना बी-रेषा म्हटले जाते. त्याही एक आभासच आहेत. हवेने वेढलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थरात ध्वनी अडकून घुमत राहतो आणि थोडाथोडा बाहेर पडत राहतो, अशी त्यांची साधारण उपपत्ती दिली जाते. तपशिलाबाबत तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

फुफ्फुसाच्या सोनोग्राफीचे श्रेय सामान्यतः फ्रान्सचे अतिदक्षतातज्ज्ञ डॉ. डॅनिएल लिश्टनस्टाइन यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. बी-रेषा आणि फुफ्फुसाच्या भिंतींतील पाणी यांचा संबंध दाखविणारा त्यांचा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वास लागलेल्या २६० रुग्णांच्या अभ्यासात केवळ सोनोग्राफीने ९०.५ टक्के रुग्णांचे निदान बरोबर आल्याचे त्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. तथापि श्वासाबरोबर सरकणाऱ्या फुफ्फुसावरणाचे वर्णन पशुवैद्यकांनी त्याआधीच केले होते. रँटनेन या पशुवैद्यकाने १९८६ मध्ये घोड्यांच्या छातीच्या विकारांविषयी लिहिताना या खुणेची नोंद केली होती. घोड्याला क्ष-किरणयंत्रापुढे उभे करण्यापेक्षा त्याच्या कुशीवर प्रोब ठेवणे सोपे, ही व्यावहारिक गरज त्यामागे असावी. माणसाच्या डॉक्टरांनी जनावरांच्या डॉक्टरांकडून घेतलेल्या गोष्टींची यादी लांबलचक नाही. त्या यादीत ही एक महत्त्वाची आहे.

पिसा येथील डुकरे

रेषा दिसतात हे ठरले, तरी त्या पाण्याचे माप सांगतात का, हा प्रश्न शिल्लक होता. त्याचे उत्तर इटलीतील पिसा येथील युजेनियो पिकानो, लुना गार्गानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. त्यांनी भूल दिलेल्या डुकरांच्या रक्तात ओलिक आम्ल सोडून फुफ्फुसाला तीव्र इजा घडवली आणि ठरावीक वेळाने बी-रेषा मोजल्या. रक्तातील प्राणवायू घटण्याच्या आधीच बी-रेषा वाढू लागतात, असे त्यांना आढळले. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागात बोटाला लावलेल्या यंत्रावरील प्राणवायूचा आकडा समाधानकारक असतानाच फुफ्फुसात बिघाड सुरू झालेला असू शकतो, हा त्याचा रुग्णांच्या दृष्टीने अर्थ होय.

याच गटाने २०१० मध्ये पुढचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात सोनोग्राफीतील रेषांची संख्या आणि त्याच डुकरांच्या फुफ्फुसांचे तराजूवर मोजलेले पाणी यांची तुलना केली होती. दोन्हींचा जवळचा संबंध दिसून आला. पडद्यावरील आभासाला प्रत्यक्ष वजनाचा आधार मिळाला तो येथे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये फुफ्फुसांच्या सोनोग्राफीसंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या. दोन बरगड्यांच्या मधल्या एका दृश्यात तीन किंवा अधिक बी-रेषा दिसल्यास तो भाग बाधित मानावा, असे त्यात म्हटले आहे. या शिफारशींमागील पुराव्यात रुग्णांवरील अभ्यासांबरोबर अशा प्रयोगांचाही वाटा आहे.

डुकराची छाती आकाराने माणसाच्या जवळची असल्याने रुग्णालयातील यंत्र त्याच्यासाठी चालते. उंदराचे तसे नाही. त्याच्या बरगड्यांमधील जागा काही मिलिमीटरची असते, हृदय मिनिटाला शेकडो वेळा धडधडते आणि श्वासाची गतीही मोठी असते. कंप्रता जितकी जास्त, तितके चित्र बारकाईचे आणि ध्वनीचा प्रवेश उथळ, असा नियम आहे. म्हणून मोठ्या पांढऱ्या उंदरांसाठी दहा मेगाहर्ट्झच्या वरचे सरळ प्रोब वापरतात, तर छोट्या उंदरांसाठी तीस मेगाहर्ट्झच्या आसपासची खास यंत्रे वापरली जातात. चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये मोठ्या उंदरांवरील अभ्यासात सोनोग्राफीचे गुणांकन आणि फुफ्फुसातील पाणी यांचा मेळ बसतो, असे दाखवले. माद्रिद येथील राष्ट्रीय हृदयसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये हृदयविकार झालेल्या छोट्या उंदरांत, त्यांना न मारता, फुफ्फुसातील पाण्याचा मागोवा घेता येतो, असे प्रसिद्ध केले.

प्रत्यक्ष पद्धती अशी असते. प्राण्याला हलकी भूल देऊन उबदार तक्त्यावर ठेवतात. छातीवरील केस कातरून आणि केस काढण्याचे मलम लावून त्वचा स्वच्छ करतात, कारण केसांत अडकलेली हवा ध्वनी अडविते. कोमट जेल लावून दोन्ही बाजूंच्या ठरावीक जागांवर प्रोब ठेवतात आणि प्रत्येक जागेचे काही सेकंदांचे चलत्चित्र साठवतात. रेषा मोजण्याचे काम नंतर केले जाते. कोणत्या चित्रातील प्राण्याला औषध दिले होते, हे मोजणाऱ्याला कळू दिले जात नाही. हे बंधन महत्त्वाचे आहे. दोन रेषा जवळ आल्या की त्यांना एक म्हणायचे की दोन, हे अखेर पाहणाऱ्याच्या नजरेवर असते आणि औषधाविषयी आशा बाळगणाऱ्या संशोधकाची नजर नकळत एकीकडे झुकू शकते.

आभासाच्या मर्यादा

या पद्धतीविषयी उत्साह वाढत असताना तिच्या मर्यादा दुर्लक्षिल्या जाण्याचा धोका आहे. सर्वांत मोठी मर्यादा अशी की, सोनोग्राफी पाणी मोजत नाही. फुफ्फुसाच्या पृष्ठभागालगत हवा आणि अन्य पदार्थ यांचे प्रमाण कसे आहे, एवढेच ती दाखवते. पाणी वाढले तरी बी-रेषा येतात आणि हवा कमी झाली तरी येतात. भूल देऊन पाठीवर निजवलेल्या प्राण्याचे फुफ्फुस खालच्या बाजूस काही वेळाने आपोआप दबते. तेथे बी-रेषा दिसल्या तर तो औषधाचा दोष नसतो आणि विषाचाही नसतो. तो निजवण्याचा परिणाम असतो. उलट, कृत्रिम श्वसनयंत्राने फुफ्फुसात जास्त दाब दिला की, दबलेले वायुकोश उघडतात आणि बी-रेषा कमी होतात. पाण्याचे एकूण वजन मात्र तेवढेच राहिलेले असू शकते. एखाद्या औषधाने पाणी ओसरले, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी श्वसनयंत्राचे दाब सर्व गटांत सारखे होते का, हे तपासणे म्हणूनच अनिवार्य ठरते.

फुफ्फुसाच्या मधल्या भागात साचलेले पाणी पृष्ठभागापर्यंत आले नाही, तर दिसत नाही. न्यूमोनिया किंवा फुफ्फुसाचे तंतुमय काठिण्य असलेल्या प्राण्यातही बी-रेषा येतात. त्यामुळे रेषा दिसल्या म्हणजे हृदयाचाच विकार, असे म्हणता येत नाही. पाणी फार वाढले की रेषा एकमेकींत मिसळून सगळा पडदाच पांढरा होतो आणि मोजणी निरर्थक होते. तेव्हा रेषांची संख्या सोडून पडद्याचा किती भाग पांढरा झाला, हे पाहावे लागते. यंत्राची कंप्रता, तेज आणि खोली बदलली तरी रेषांची संख्या बदलू शकते. म्हणून एका प्रयोगशाळेतील आकडे दुसरीतील आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

यास्तव तराजू आणि भट्टी निवृत्त झालेली नाहीत. नवीन प्राणिजात, नवीन यंत्र किंवा इजेचा नवीन प्रकार असेल, तर निदान काही प्राण्यांच्या बाबतीत सोनोग्राफीचा आकडा वजनाशी पडताळून पाहावाच लागतो. फरक इतकाच की, पूर्वी प्रत्येक वेळेसाठी वेगळा गट लागे. आता तेच आठ उंदीर सहाही वेळा तपासता येतात आणि वजन अखेरीस एकदाच होते. वरच्या उदाहरणातील अठ्ठेचाळीसच्या जागी आठ, अधिक पडताळणीसाठीचे काही, असा हा हिशेब आहे. प्रत्येक प्राणी स्वतःशीच ताडला जात असल्याने निष्कर्षही अधिक नेमके येतात. याची दुसरी बाजू अशी की, त्या आठ उंदरांना वारंवार भूल सोसावी लागते. संख्या घटली म्हणून प्रत्येकाच्या वाट्याचा त्रास वाढवणे योग्य नव्हे, असे प्राणिकल्याणाचे अभ्यासक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

कायदा आणि समिती

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली. शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि पद्धती सौम्य कराव्यात, असे त्यांचे सार आहे. भारतात त्यापाठोपाठ १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या कलम १५ खाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती नेमता येते, तर कलम १७ मध्ये तिने करावयाच्या नियमांची दिशा दिलेली आहे. प्रयोग टाळणे शक्य असेल तेथे टाळावेत आणि लहान प्राण्यांवर तेच निष्कर्ष मिळत असतील, तर मोठे प्राणी वापरू नयेत, असे त्यात म्हटले आहे. यासंबंधीचे सविस्तर नियम १९९८ मध्ये लागू झाले. सीपीसीएसईए या आद्याक्षरांनी दीर्घकाळ ओळखली गेलेली ही समिती अलीकडे सीसीएसईए या नावाने काम करते. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी नीतिसमिती असणे बंधनकारक आहे. उंदीर, ससे यांसारख्या लहान प्राण्यांवरील प्रस्ताव ही स्थानिक समिती तपासते. कुत्रे, डुकरे यांसारख्या मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत केंद्रीय समितीची संमती लागते.

या समितीपुढे संशोधकाला सर्वप्रथम विचारला जाणारा प्रश्न असतो तो संख्येचा. एवढेच प्राणी का आणि याहून कमी का नाहीत, याचे उत्तर प्रस्तावात लिहावे लागते. एकाच प्राण्याची पुन्हा पुन्हा तपासणी करणारी पद्धत उपलब्ध असताना प्रत्येक वेळेसाठी वेगळा गट मागणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

प्राणी आजारी न पाडताही हे संशोधन करता येते आणि त्याचे दालन पशुवैद्यकीय रुग्णालयांतून उघडते. वय झालेल्या छोट्या जातींच्या कुत्र्यांत हृदयाची डावीकडील झडप झिजते आणि त्यांच्या फुफ्फुसात पाणी साचते. हा आजार निसर्गतः होतो, मालक कुत्र्याला उपचारासाठी आणतो आणि त्याच्या संमतीने केलेली सोनोग्राफी उपचारालाही उपयोगी पडते व संशोधनालाही. अमेरिकेत निरोगी कुत्रे आणि हृदयविकाराने फुफ्फुसात पाणी झालेले कुत्रे यांची तुलना करणारा प्राथमिक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रे आणि मांजरे या दोहोंचा समावेश असलेला विस्तृत अभ्यास २०१७ मध्ये आला. धापा टाकणाऱ्या मांजराला क्ष-किरणासाठी धरून ठेवणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते. ते बसल्या जागी, प्राणवायू चालू असताना काही मिनिटांत होणारी तपासणी त्यामुळेच पशुवैद्यकांना मोलाची वाटते.

बंगळूरमध्ये यासाठी लागणाऱ्या गोष्टी एकमेकींपासून फार दूर नाहीत. हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून कार्यरत आहे. आज ते बिदर येथे मुख्यालय असलेल्या कर्नाटक पशुवैद्यक, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. भारतीय विज्ञान संस्थेचे आवार तेथून काही किलोमीटरवर आहे. संस्थेच्या २०२१ मधील प्रणालीचे शिक्षण जगभरातून गोळा केलेल्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या मानवी प्रतिमांवर झाले होते. त्या प्रतिमांना आजाराचे नाव जोडलेले होते, पाण्याचे वजन नव्हते. आजाराचे नाव सांगणारी प्रणाली आणि पाणी किती हे सांगणारी प्रणाली यांत हा मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारची प्रणाली घडवायची, तर जिच्यासोबत तराजूवरचा आकडा आहे अशी प्रतिमा लागेल आणि ती केवळ प्रयोगप्राण्याकडूनच मिळू शकते. एकदा अशा प्रतिमा नीट साठवून सर्वांना खुल्या केल्या, तर त्यांसाठी पुन्हा नवे प्राणी वापरण्याची गरज उरणार नाही.

भारतात सोनोग्राफी यंत्र विकत घेताना आणखी एका कायद्याचा विचार करावा लागतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यात २००३ मध्ये ३-ब हे कलम समाविष्ट झाले. गर्भाचे लिंग ओळखू शकणारे यंत्र या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या केंद्राला किंवा अन्य कोणाही व्यक्तीला विकता येत नाही, अशी त्यात तरतूद आहे. हातात मावणाऱ्या व सहज हलविता येणाऱ्या यंत्रांवर २०१२ पासून अधिक कडक निर्बंध आहेत. हे निर्बंध मुलींच्या घटत्या संख्येमुळे आले आणि त्यांची गरज निर्विवाद आहे. परंतु त्यांची शब्दरचना इतकी व्यापक आहे की, उंदराच्या फुफ्फुसासाठी यंत्र घेऊ इच्छिणाऱ्या प्रयोगशाळेलाही खरेदीचा आदेश देण्यापूर्वी जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे विचारणा करणे हिताचे ठरते.